बिनहत्यारी लढाई

वांगणी म्हटलं की मुंबईकराला कर्जत लोकलचं स्टेशन आठवतं. मी म्हणते ती वांगणी जव्हार तालुक्यातली, आणि तिचं नाव वावर या गावाला जोडूनच घेतलं जातं: वावर-वांगणी. १९९२-९३च्या सुमारास या भागात शंभराहून अधिक बालकं दगावली आणि हे जोडनाव महाराष्ट्रभर गेलं. पुढाऱ्यांच्या गाड्या आल्या, बातमीदार आले, ‘कुपोषण’ हा कागदावरचा शब्द सगळ्यांच्या तोंडी बसला.

त्यानंतरच्या वर्षांत मी जव्हार-मोखाड्यात नर्स होते. माहेर नगरचं, घर ख्रिस्ती, वडील चर्चमध्ये उपदेश करणारे. काट्याला झोळी टांगायची, तिच्यात पोर ठेवायचं, वजन लिहायचं, श्रेणी काढायची, हे माझं काम. बातमीदारांनी लिहिलं ते खरंच होतं. पावसाळ्यात घरातली नागली-वरई संपलेली, रोजगार बंद, त्यात गोवर नाहीतर हगवण. दिवाळी झाली की अख्खा पाडा वीटभट्टीवर. पाड्यावर मात्र प्रश्न वेगळाच असायचा. पोर कशानं मेलं असं कोणी विचारत नसे. कोणी खाल्लं, असं विचारत. आणि ते विचारायला भगताकडे जात.

भगताची पद्धत मी जवळून पाहिली आहे. सुपात तांदळाचे दाणे, बाजूला दिवा. चिमटीत येतील तेवढे दाणे उचलायचे, जोड्या लावायच्या, एक उरला की काहीच उरलं नाही ते पाहायचं, पुन्हा टाकायचे. तोंडानं देवांची नावं चालू: हिरवा, नारणदेव, वाघदेव, हिमाय. मग अंगात वारं येतं, मान हलायला लागते आणि उत्तर निघतं. कधी कोंबडा सांगतो, कधी बकरा. आणि कधी दिशा सांगतो: उगवतीकडच्या घरातून आलं आहे. त्या दिशेला बहुधा एकच घर असायचं आणि त्यात एकटी बाई. नवरा मेलेला, मूल नाही, जमिनीचा तुकडा मात्र नावावर. ती भुताळी ठरली की तिच्या हातचं पाणी बंद, मग शिव्या, मग मार.

भगताला मी सरसकट नावं ठेवणार नाही. दवाखाना नव्हता तेव्हा झाडपाल्याची जाण त्यालाच होती. काही भगत आजारी पोराला आमच्याकडे पाठवायचे. अर्थात दाणे पाहून, कोंबडा घेऊन झाल्यावर.

सांगायचं ते हे की या डोंगरात अदृश्य शत्रूशी लढाई ही काही येशूचं नाव येण्याची वाट पाहत थांबली नव्हती. होळीनंतर मोखाडा-जव्हारकडे बोहाडा होतो. रात्रभर संबळ वाजतं, टेंभ्यांच्या उजेडात एकेक सोंग नाचत येतं: गणपती, शारदा, राम, रावण. शेवटाला जगदंबा आणि महिषासुर. मुखवटा जड असतो, आतल्या माणसाला घामानं धड दिसत नाही, म्हणून पुढं एक जण वाट दाखवत मागं मागं चालतो. महिषासुर पडला की गाव सुटलं, वर्ष नीट जाणार. सोंग घराण्याकडे चालत आलेलं असतं, आजा नाचवायचा म्हणून नातू नाचवतो. जे गाव वर्षाला एकदा अशी लढाई डोळ्यांनी पाहतो, त्याला वाईटाशी युद्ध असतं हे समजावून सांगावं लागत नाही. प्रश्न पडतो तो एवढाच, की कुणाच्या जोरावर लढायचं आणि शत्रू कुणाला म्हणायचं. इथल्या ख्रिस्ती लोकांचा इतिहास मला या दोन प्रश्नांचा इतिहास वाटतो.

आमच्या घरी इफिसकरांस पत्राचा सहावा अध्याय वडिलांच्या फार आवडीचा. पौलानं तो बेडीत असताना लिहिला. समोर पहाऱ्याला रोमी शिपाई असणार, त्याच्याच अंगावरचं सामान एकेक करून त्यानं घेतलं: कंबरपट्टा, चिलखत, पायताण, ढाल, शिरस्त्राण, तलवार. वडील हे समजावून सांगत तेव्हा नगरच्या लष्करी हद्दीतून रणगाड्यांच्या सरावाचा आवाज येत असे, कारण चिलखती दळाचं केंद्र आमच्याच गावात. आम्हा पोरांना साहजिकच रणगाड्यांत जास्त रस. वडील म्हणायचे, नीट वाचा, हा लिहिणारा कैदी आहे. ढाल त्याच्याकडे नाही, पहारेकऱ्याकडे आहे. त्याच्या अंगावर फक्त साखळी. बळ देवाकडून घ्या असं तो सांगतो, कारण स्वतःचं दाखवायला त्याच्याकडे काही उरलेलंच नाही. आणि त्याच अध्यायात तो सांगतो की ही झुंज माणसांशी नाही. ते वाक्य आमच्या लोकांनी किती वेळा गाळून वाचलं याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

आजच्या पालघर जिल्ह्याच्या नैऋत्य टोकाला, वसईत, ख्रिस्ती धर्म १६व्या शतकापासून आहे. १५३४ ते १७३९ पोर्तुगीज अंमल, त्यामुळे तिथल्या धर्माला तेव्हा तोफांची आणि कोटाची सोबत होती. पूर्वेच्या डोंगरपट्ट्याशी त्याचा संबंध फारसा आला नाही. वारल्यांच्या मुलखात जे लोक पुढं आले ते अगदी उलट्या परंपरेचे, आणि ही गोष्ट मला फार मोलाची वाटते, कारण ती मराठी ख्रिस्ती वाचकांनाही फारशी ठाऊक नाही.

१७०८ साली जर्मनीतल्या श्वार्झेनाऊ गावी अलेक्झांडर माक आणि त्याचे सोबती, पाच पुरुष आणि तीन बायका, नदीत उतरले आणि त्यांनी पुन्हा बाप्तिस्मा घेतला. त्यांच्यापासून ब्रेदरेन मंडळी निघाली. छळामुळे ती अमेरिकेला गेली, शेतकरी म्हणून राहिली, आणि एका गोष्टीला चिकटून राहिली: ख्रिस्ताच्या माणसानं हत्यार उचलायचं नाही. क्वेकर आणि मेनोनाइट यांच्याबरोबर तिचं नाव शांतिवादी मंडळ्यांत घेतात. या मंडळीचे पहिले मिशनरी, विल्बर स्टोव्हर, त्यांची पत्नी मेरी आणि बर्था रायन, १८९४ साली भारतात आले आणि त्यांनी वलसाडला बस्तान बसवलं. पाचएक वर्षांतच १८९९-१९००चा दुष्काळ पडला, गुजरातेत ज्याला छप्पनिया म्हणतात तो. धर्मप्रसाराचे बेत बाजूला राहिले आणि अनाथ पोरं सांभाळणं हेच काम झालं. नव्या शतकाच्या सुरुवातीला ते डहाणूत आले, पुढं वाड्यातही. डहाणूला दवाखाना झाला, आणि १९१५ साली आलेल्या डॉ. बार्बरा निकी यांनी तिथं कितीतरी वर्षं बाळंतपणं केली, ताप उतरवले.

जगाच्या लढाईत बंदूक धरायची नाही अशी आण घेतलेले हे लोक. त्यांच्या तोंडी आत्मिक युद्धाची भाषा येई तेव्हा तिचा अर्थ काय होत असेल? त्यांच्या दोन चाली सांगते. एक, प्रभुभोजनाआधी एकमेकांचे पाय धुवायचे. घंगाळ, पाणी, पंचा, आणि समोरच्याच्या पायाशी वाकायचं. दुसरी, आजाऱ्याच्या कपाळाला तेल लावून प्रार्थना करायची. आणि दवाखानाही चालवायचा. तेल लावलं म्हणून क्विनाइन थांबवायचं नाही, क्विनाइन दिलं म्हणून तेलाची बाटली फेकायची नाही. नर्स म्हणून सांगते, हे जमवणं दिसतं तितकं सोपं नाही. माणूस एकतर सगळं देवावर टाकून हात धुतो, नाहीतर सगळं आपल्या सुईवर टाकून देवाला रजा देतो.

१९७० साली ही मंडळी उत्तर भारतातल्या संयुक्त मंडळीत, सी.एन.आय.मध्ये, सामील झाली. डहाणू-तलासरीच्या वारल्यांची भीती मोडण्याचं श्रेय मात्र चर्चनं घेऊ नये. २३ मे १९४५ला झरीच्या सभेत वेठ आणि लग्नगडीची, म्हणजे लग्नाच्या कर्जापायी राबण्याची, गुलामी झुगारायचं ठरलं तेव्हा पुढं गोदावरी परुळेकर होत्या, लाल बावटा होता. सावकाराच्या भुतापुढं उभं राहायला त्यांनी शिकवलं. आम्ही तेव्हा प्रार्थना करत होतो की नुसते डोळे मिटून बसलो होतो, हे आमच्याच लोकांनी एकदा स्वतःला विचारायला हवं.

पण मराठी मुलखात देवाच्या बळावर लढण्याची सर्वांत मोठी गोष्ट घडली ती केडगावला. तिच्याकडे जायचं तर पुन्हा भुकेकडेच जावं लागतं.

पंडिता रमाबाईंचे आईवडील १८७४च्या सुमारास दुष्काळात गेले. अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. तीर्थयात्रा, दानं, व्रतं, पुराण सांगणं, देवाला प्रसन्न करायचं जे जे शास्त्रात होतं ते ते त्यांनी केलं, आणि शेवटी कुटुंबाला झाडाची पानं खायची वेळ आली. वडील गेले, आई गेली, बहीण गेली. उरलेली रमा आणि भाऊ श्रीनिवास अनवाणी उत्तरेकडे चालत सुटली. पुढं बाप्तिस्मा रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेजला घेतला. विधवांसाठी शारदा सदन १८८९ला मुंबईत काढलं आणि पुढं पुण्याला नेलं. १८९६-९७च्या दुष्काळाची बातमी आली तेव्हा पूर्वीचं सगळं आठवून त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि तीनशेच्या आसपास मुली-बायका घेऊन आल्या. पुण्यात प्लेगाचे निर्बंध, इतक्या जणींना शहरात ठेवायला परवानगी नाही, म्हणून केडगावच्या शेतावर राहुट्या पडल्या. तिथंच ‘मुक्ती’ उभं राहिलं. १९००च्या दुष्काळात गुजरातेतून आणखी शेकडो मुली आल्या आणि संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

या मुलींची शरीरं कशी असतील हे मला कोणी सांगायला नको. पोट पुढं, केस तांबूस, पायाला सूज, दाबलं की बोटाचा खड्डा तसाच राहतो. असं पोर रडतसुद्धा नाही, रडायलाही ताकद लागते. अशांना खायला घालून, शिकवून, चारपाच वर्षांत उभं केल्यावर १९०५च्या जानेवारीत रमाबाईंनी त्यांना प्रार्थनेला बोलावलं. आधी सत्तरएक जणी आल्या. जूनपर्यंत साडेपाचशे मुली दिवसातून दोनदा जमत होत्या. वेल्समधल्या १९०४च्या धर्मजागृतीच्या बातम्या येत होत्या, खासी टेकड्यांतही तसंच काही चाललं होतं.

जूनच्या अखेरीस एका पहाटे, साडेतीनच्या सुमारास, एका मुलीला आपल्यावर अग्नी उतरल्यासारखं वाटलं. तिच्याजवळ झोपलेल्या दुसरीला तो दिसला आणि ती पाण्याची बादली आणायला धावली. बादली ओतणार तोच तिला कळलं की पोरगी पेटलेली नाही. मुक्तीत काम करणाऱ्या मिनी अब्राम्स यांनी हा प्रसंग लिहून ठेवला आहे. बाकीच्या दिव्य वर्णनांपेक्षा मला ही बादलीवालीच जास्त आवडते. तिनं आग पाहिली आणि पाणी आणलं. आधी ते करायचं, मग अर्थ लावायचा.

पुढचे कित्येक दिवस वर्ग बंद पडले. मुली मोठमोठ्यानं एकाच वेळी प्रार्थना करत, पाप कबूल करत, रडत, कोसळत. बाहेरच्या काही शिस्तप्रिय मिशनऱ्यांना हा गोंधळ वाटला. रमाबाईंनी मुलींचा आवाज बंद केला नाही. हिंदी माणसानं हिंदी माणसासारखी प्रार्थना करावी, इंग्रजी बाकावर घडी घालून बसवल्यासारखी नव्हे, अशीच त्यांची भूमिका होती. पण शेत, जातं, चूल, छापखाना हेही त्यांनी चालू ठेवलं. मुलींच्या टोळ्या आसपासच्या खेड्यांत प्रार्थना करायला आणि शुभवर्तमान सांगायला जाऊ लागल्या. ज्यांना पाच वर्षांपूर्वी कोणी पसाभर धान्यावर विकलं असतं, त्या आता दुसऱ्याच्या दारात उभ्या राहून धीर देत होत्या.

अब्राम्सबाईंनी १९०६ साली या सगळ्यावर छोटं पुस्तक लिहिलं आणि चिलीत असलेल्या आपल्या मैत्रिणीला, मे हूव्हर यांना, धाडलं. १९०९ साली वाल्पाराइसोत जी पेंटेकॉस्टल मंडळी उभी राहिली तिच्या मुळाशी केडगावचं हे पुस्तक आहे. पुणे-दौंड लाइनवरचं एक शेत आणि दक्षिण अमेरिकेचा किनारा असे जोडले गेले. आमच्याकडे मात्र रमाबाई म्हटलं की शारदा सदनातल्या धर्मांतराचा वाद, एवढंच पाठ असतं.

रमाबाईंच्या बळाची परीक्षा नंतर झाली. एकुलती एक मुलगी मनोरमा जुलै १९२१मध्ये गेली. कान जवळजवळ गेलेले, शरीर थकलेलं, आणि समोर हिब्रू-ग्रीकवरून करायचं बायबलचं भाषांतर. ते त्यांनी पुरं केलं आणि ५ एप्रिल १९२२ला गेल्या. १९२४ साली ते मुक्तीच्याच छापखान्यात छापून बाहेर पडलं. खिळे जुळवणारे हात दुष्काळातून आलेल्या मुलींचेही होते. कोणी मला आत्मिक युद्ध दाखव म्हणालं तर मी त्यांना ती पहाटेची आग नाही, मुलगी गेल्यानंतरचे ते आठ-नऊ महिने दाखवीन.

आता पुन्हा जव्हारला. गेल्या काही दशकांत इकडच्या पाड्यांवर लहान लहान प्रार्थनागट झाले आहेत. मोठं चर्च नाही, कुडाच्या घरात पाच-दहा माणसं, एक ढोलकी, एक पुस्तक. आजार, दारू आणि भुताळीची भीती या तीन वाटांनीच बहुतेक लोक तिथं येतात. दारू सुटली की घरात पैसा टिकतो, पोराचं वजन वाढतं, हे मी माझ्या वहीतच पाहिलं आहे. पण याच गटांत एक बाहेरून आलेला उपदेशक मी पाहिला, जो गावदेवाच्या दगडाकडे बोट करून ओरडायचा, वाघदेवाला सैतान म्हणायचा आणि क्षयाच्या गोळ्या घेणाऱ्या बाईला विचारायचा, तुझा भरवसा गोळीवर की देवावर? त्याच्या आवाजात देवाचं बळ शोधून मला सापडलं नाही. त्याच्याकडे होता तो भगताचाच जोर, फक्त सूप नव्हतं.

आणि त्याच पाड्यावर एक डोसी, म्हणजे म्हातारी, होती. दात नसलेली, अंगठेबहाद्दर. शेजारच्या विधवेला भुताळी ठरवली त्या रात्री ही उठून तिच्या उंबऱ्यावर जाऊन बसली. लोक आले, म्हणाले, “ऊठ, तुझा काय संबंध?” ही उठली नाही. मोठ्यानं प्रार्थनाही केली नाही म्हणे. पोरांनी दगड मारले, एक हिच्या गुडघ्याला लागला. तोच गुडघा घेऊन ती सकाळी माझ्याकडे आली. मी टिंक्चर लावता लावता विचारलं, “आजी, भीती नाही वाटली?” ती म्हणाली, “वाटली ना बाय. रातभर वाटली.” आणि पट्टी घट्ट बांध म्हणाली, कारण वरईच्या रानात जायचं होतं.

२० ऑगस्ट २०१३ला अंधश्रद्धेविरुद्ध झगडणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. त्याच महिन्यात जादूटोणाविरोधी अध्यादेश निघाला आणि डिसेंबरात विधिमंडळानं कायदा केला. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणं, मारणं, मिरचीची धुरी देणं, एखाद्या बाईवर करणीचा आळ घेणं, साप-विंचू चावल्यावर दवाखान्यात जाऊ न देणं, हे सगळं गुन्हा. हा कायदा भगताला लागू आहे तसाच पाळकालाही. कुणाच्या शरीराला इजा आणि खिशाला खोट न करणारी प्रार्थना त्यानं मोकळी ठेवली आहे. मी निवृत्तीनंतर एका गटाच्या उपासनेत ही यादी वाचून दाखवली. एकानं विचारलं, बाई, हे वचन आहे का? मी म्हटलं, नाही, कलम आहे, पण पाठ करा.

बोहाड्याचं भांडण मात्र कलमानं सुटत नाही. वर्गणी द्यायची की नाही, घराण्याकडचं सोंग कोणी नाचवायचं, लग्नात लग्न लावणारी धवलेरी बोलवायची की पाळक, यावर भाऊ भावाशी बोलेनासा होतो. गाव म्हणतं, तुम्ही आमच्यातून फुटलात. गटातले तरुण म्हणतात, आम्ही मुखवट्यापुढं वाकणार नाही. मागच्या खेपेला गेले तेव्हा एका पाड्यावर तोडगा निघाला होता: विश्वासी घरं वर्गणी देणार नाहीत, सोंग घेणार नाहीत, पण बोहाड्याच्या रात्री येणाऱ्या सगळ्या पाहुण्यांना पाणी पाजतील. उन्हाळ्यात विहीर तळाला गेलेली, तेव्हा हे काम काही हलकं नाही. गावकीनं मान्य केलं. गटातल्या दोघांना ते पटलेलं नाही. पाणी पाजणं म्हणजे मूर्तिपूजेला हातभार, असं त्यांचं म्हणणं. डोसीची सून तेव्हा हंडे मोजत होती. एकूण किती लागतील आणि शेजाऱ्यांकडून किती मागून आणायचे, हे तिला त्या दोघांकडून हवं होतं, आणि ते अजून पौल काय म्हणाला यावरच अडले होते.